गेटचा पाढा

डीके सरांची माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या थुंकीवरून. सकाळी तगरीची फुलं तोडायला अंगणात गेले, तर पांढऱ्या फुलांवर तपकिरी शिंतोडे. वर पाहिलं. गॅलरीच्या कठड्यावर एक ब्लेझर वाकलेला होता आणि त्या ब्लेझरमधून एक भरलेलं तोंड मला सांगत होतं, "सॉरी मॅडम, ॲक्च्युअली मी खाली नाली समजलो." तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडातच होता, त्यामुळे 'सॉरी'बरोबर आणखी चार थेंब खाली आले. त्या दिवशी देवाला फुलं मिळाली नाहीत.

अमरावतीच्या आमच्या घराचा वरचा हॉल माझ्या दिरांचा. ते नागपूरला असतात. त्यांनी तो या माणसाला क्लाससाठी भाड्यानं दिला आणि मला फोनवर सांगितलं, "वहिनी, प्रोफेसर आहेत, सज्जन माणूस आहे." प्रोफेसर ते कुठेच नव्हते. पूर्ण नाव दिनकर काहीतरी होतं, पण ते त्यांनी स्वतःच टाकून दिलं होतं. पाटीवर 'प्रो. डीके' आणि खाली 'जागतिक भाषांचे माहेरघर' असं लिहिलेलं. माहेरघरात भाषा दोनच नांदत होत्या, इंग्रजी आणि स्पॅनिश, आणि त्याही सासुरवास भोगत होत्या.

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. क्लासवाल्यांबद्दल मला आकस असेल असं कोणी म्हणेल, तर म्हणो बापडा. या माणसाबद्दल मला आकस नाही, किळस आहे, आणि ती मी लपवत नाही. ज्याच्यावर माया आहे त्याच्याबद्दल लिहावं, असा रिवाज आहे. पण माया असलेली कितीतरी माणसं मी विसरले आणि हा गृहस्थ अजून घशाशी आहे.

मे महिन्याच्या उन्हात, जेव्हा आमच्याकडे कुत्रंही नळाखालून उठत नाही, तेव्हा ते ब्लेझर घालत. तो धुतलेला मी कधी पाहिला नाही. जिन्यातून ते गेले की घाम, अत्तर आणि सुपारी असा तिहेरी वास बराच वेळ मागे राही. खिशात सॅनिटायझरची बाटली. खेड्यातून आलेल्या पालकांशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन करायचं, "या, या काका," म्हणायचं आणि पालक पाठमोरे झाले की बाटली काढून हात चोळायचे. त्याच हातांनी मग खर्रा मळायचा. बोलण्यात दर वाक्याला एक 'ॲक्च्युअली' आणि दर भाषणात एकदा, "जग मोठं आहे, तोंड उघडा!" त्यांचं स्वतःचं तोंड उघडलं की आत काय दिसे ते लिहीत नाही.

वर्गात वऱ्हाडी बोलायला बंदी होती. 'मले', 'तुले', 'काहून' यातला एखादा शब्द निसटला की त्या मुलाच्या गळ्यात पुठ्ठा अडकवत. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'मी गावंढळ'. दुसरं कोणी चुकेपर्यंत तो गळ्यातच. एकदा एक पोरगा तो पुठ्ठा तसाच घेऊन खाली माझ्याकडे पाणी प्यायला आला. मी काढायला लागले तर घाबरून म्हणाला, "नका काढू काकू, सर वरून पाहून राहिले." सर वरून पाहत होतेच, आणि त्याच वेळी फोनवर कुणाला तरी म्हणत होते, "काहून बे, कुठी मेला होता? कवापासून फोन लावून राहिलो तुले!"

स्पॅनिश त्यांनी आणलं ते संत्र्यांच्या मागून. वरुडकडच्या बागाईतदारांचा माल परदेशात जाणार, अशी हवा मधूनमधून उठते. तशीच एकदा उठली आणि यांनी जाहिरात केली, 'संत्रा एक्स्पोर्टसाठी स्पॅनिश शिका.' शेंदूरजनाघाटचे एक म्हातारे बागाईतदार नातवाला घेऊन आले होते. जिन्यातच बोलणं चाललं होतं म्हणून मला ऐकू आलं. सर म्हणाले, "काका, उद्या स्पेनचा व्यापारी तुमच्या बागेत उभा राहिला, तर त्याच्याशी बोलणार कोण?"

म्हातारबुवांनी विचार केला. "पण तो येईन कायले? त्याच्याइथंच लय संत्रं पिकते मनतात."

"ॲक्च्युअली, म्हणूनच," सर म्हणाले. नातवाचं नाव घातलं गेलं.

सरांना स्वतःला स्पॅनिश किती येत होतं ते मला लवकरच कळलं. जिन्याच्या वळणावर उभे राहून ते मोबाइलमध्ये 'गेट, गेट' म्हणत आणि पडद्यावर उगवेल ते तळहातावर उतरवून घेत. इंग्रजीत या एका शब्दाला ढीगभर अर्थ आहेत, हा शोध त्यांना कुठल्याशा वेबपेजवर लागला होता. प्रत्येक अर्थासमोर स्पॅनिश शब्दही छापलेला. बस, एवढ्या भांडवलावर स्पॅनिशचा वर्ग उभा राहिला. त्या अर्थांचा त्यांनी पाढा केला आणि मुलांकडून तो रोज संध्याकाळी घोकून घेऊ लागले. माझ्या डोक्यावर पन्नास घसे एका सुरात ओरडत:

"गेट म्हणजे मिळवणं, ओब्तेनेर! गेट म्हणजे मिळणं, रेसिबीर! गेट म्हणजे आणणं, त्राएर! गेट म्हणजे विकत घेणं, कोम्प्रार! गेट म्हणजे पोचणं, ल्लेगार!"

असं करत करत समजणं आणि एन्तेन्देर यायचं, पुढे पकडणं यायचं, आणखी बरंच काही, आणि शेवटी, "गेट म्हणजे उठणं, लेवान्तार्से!" या शेवटच्या शब्दाला सगळा वर्ग एकदम उभा राहायचा. बाकं सरकायची, माझ्या छताचा चुना पडायचा. सरांचं हे हुकमी दृश्य. पालक आले, नगरसेवक आला, कोणीही आलं की हे दाखवायचं. बघणाऱ्याला वाटे, काय पोरं तयार केलीत!

एकोणिसाचा पाढा पाठ असलेल्या मुलाला मधूनच 'एकोणीस सक्कं' विचारलं की तो डोळे मिटून 'एकोणीस एके एकोणीस'पासून निघतो. शाळेत मी हे इतकं पाहिलंय की त्यात मला गंमत वाटायची. इथे वाटली नाही. मिळवणं आणि मिळणं यांत फरक काय, ते वाक्यात कसं येतं, हे विचारायची सोय नव्हती. सर विचारणाऱ्याला म्हणत, "आधी पाठ कर. अर्थ आपोआप येतो."

पल्लवी त्या पन्नास घशांमधला सगळ्यात खणखणीत घसा. अंजनगाव सुर्जीची. वडील भास्करराव झेंडू आणि भाजीपाला लावत आणि आठवड्यातून दोनदा टेम्पोनं अमरावतीला माल आणत. त्याच टेम्पोत पुढे बसून ही यायची, एरवी एसटीनं. बी.ए. झालेली, आणि बोलायला अशी की टेम्पोजवळ उभी राहून दोन मिनिटांत फुलकोबीचा भाव पाडणाऱ्याला गार करायची. पहिल्याच दिवशी ती माझ्या दारात आली. "काकू, सांभार घ्या, आता तोडला. तुमी पैसे देऊ नका, मी रोज पाणी प्याले येईन." आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. मला ती तिथेच आवडली.

पहिल्याच आठवड्यात त्या सांभारापायी तिच्या गळ्यात पुठ्ठा पडला. सरांनी वर्गासमोर विचारलं, "काय आणलं पिशवीत?" ती म्हणाली, "सांभार." पुठ्ठा अडकवताना सर म्हणाले, "ही भाषा तोंडात ठेवून तू जगासमोर जाणार? घाण आहे ती. थुंकून टाक." जो माणूस दिवसभर थुंकायचा त्याला ही उपमा सुचावी यात नवल नाही. सांभाराची ती जुडी मात्र त्यांनी घरी नेली. पुढे दर खेपेला भास्कररावांच्या टेम्पोतून त्यांच्यासाठी एक पिशवी वेगळी निघू लागली. सर कोबी हातात घेऊन नखानं टोकरत आणि म्हणत, "काका, मागच्या वेळी अळी होती."

हळूहळू पल्लवी बोलायची थांबली. आधी वर्गात, मग जिन्यात, मग माझ्या दारातही. 'मले' म्हणायला तोंड उघडायची आणि मध्येच मिटायची. शब्द मनात पुसून, दुसरा लिहून, मग बाहेर काढायची. तोवर बोलण्यातला जीव गेलेला असायचा. एकदा मीच म्हटलं, "अगं, माझ्याशी तरी बोल की सरळ." तर म्हणाली, "नको काकू, सवय मोडते." त्या दिवशी मला वर जाऊन त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

पुण्यातल्या एका कंपनीला परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर इंग्रजी-स्पॅनिश बोलायला माणसं हवी होती. पल्लवीनं अर्ज केला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत लॅपटॉपवर व्हायची होती. घरी तिचं ठरलं होतं की ही नोकरी लागली तर ती पुण्याला जाईल, तोवर कोणी लग्नाचा विषय काढणार नाही. भास्कररावांनी तसा शब्द दिला होता आणि त्यासाठी भावकीशी वाकडं घेतलं होतं.

मुलाखतीला अजून चार-पाच दिवस असतानाच गॅलरीवर फ्लेक्स लागला. डाव्या बाजूला काळा चष्मा लावलेले सर, मागे पृथ्वीचा गोल. उजव्या बाजूला हाताची घडी घातलेली पल्लवी. घडी सरांनीच घालायला लावली होती. अंगात तिच्या आईनं भरतकाम केलेला ड्रेस, बाहीवर झेंडूची दोन फुलं. मध्ये लिहिलेलं, 'आंतरराष्ट्रीय कंपनीत निवड! हार्दिक अभिनंदन!'

मी वर गेले. "अहो, अजून मुलाखत व्हायची आहे."

"मॅडम, पॉझिटिव्ह थिंकिंग," सर म्हणाले. "ॲक्च्युअली ॲडमिशनचा सीझन आताच आहे."

रस्त्यावरून जाणाऱ्या अंजनगावच्या कोणीतरी फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो गावभर फिरला. लोक घरी येऊन भास्कररावांच्या गळ्यात पडले आणि त्यांनी, लेकीला न विचारता, पेढे वाटले. माणूस भोळा होता. छापलेलं खोटं असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

वर गोंगाट असतो म्हणून मुलाखत माझ्या पुढच्या खोलीत झाली. पल्लवीनं तोच भरतकामाचा ड्रेस घातला होता. मी तिच्या हातावर दही-साखर ठेवली. सर कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेतानं बाजूला खुर्ची टाकून बसले, गालात खर्रा धरून. पडद्यावर एक बाई आणि एक पुरुष. इंग्रजीत दोन-तीन प्रश्न झाले. पल्लवी थांबत, अडखळत, पण नीट बोलली. बाई मान हलवत होत्या. मला वाटलं, निघेल पोरगी यातून. मग त्या बाईंनी स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. अगदी छोटं वाक्य होतं आणि त्या हसून म्हणाल्या होत्या.

पल्लवीला समजलं नाही. समजलं नाही एवढंच सांगायचं होतं. 'समजणं'साठी शब्द आहे हे तिला ठाऊक होतं, तो पाढ्यात कुठेतरी आत होता. तिनं सरांकडे पाहिलं. सरांनी हात हवेत फिरवला आणि ओठांनी म्हटलं, "गेट! गेट!"

ती निघाली. "गेट म्हणजे मिळवणं, ओब्तेनेर. गेट म्हणजे मिळणं, रेसिबीर..." आधी पुटपुटत, मग सवयीनं आवाज चढत गेला. पडद्यावरचा पुरुष पुढे वाकला. ती एन्तेन्देरपर्यंत पोचली, पण तिला थांबता येईना. रोज जे थांबत नव्हतं ते आज कसं थांबणार! ती पकडण्यावरून पुढे गेली, आणखी पुढे गेली आणि "गेट म्हणजे उठणं, लेवान्तार्से" म्हणत ताडकन उभी राहिली. तिचं डोकं कॅमेऱ्याच्या वर गेलं. त्या दोघांना आता फक्त बाहीवरची फुलं दिसत असणार. पुरुषाला हसू आवरेना. त्यानं तोंडावर हात धरला.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्या सावकाश, हिंदीत म्हणाल्या, "बैठ जाओ बेटा. मैंने तो बस तुम्हारा नाम पूछा था।"

लॅपटॉप बंद झाला. सर उठले, माझ्या खिडकीतून बाहेर थुंकले आणि म्हणाले, "फ्लो छान होता." पल्लवी बराच वेळ तशीच उभी होती. मी तिला जवळ घेतलं तर तिचं अंग लाकडासारखं ताठ झालं होतं. ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

नकार त्याच संध्याकाळी आला. फ्लेक्स तसाच राहिला. गावात लोक विचारत, "कवा जाऊन राहिली पुण्याले?" आणि भास्करराव काहीतरी सांगून वेळ मारून नेत. पल्लवीनं सरांना फोन केला, फ्लेक्स काढा म्हणून. सर म्हणाले, "सीझन संपू दे."

त्या रविवारी वर पालकांचा मेळावा होता. टेम्पो दारात लागला आणि बापलेक उतरली. "काकू, तुमी चाला संगं," पल्लवी म्हणाली. कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडून 'तुमी' ऐकलं. मी चप्पल न घालताच वर गेले.

सरांनी तिला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. तो खरोखर उजळला, हे मला विसरता येत नाही. "या, या! पालकहो, हीच ती फ्लेक्सवरची पल्लवी!" टाळ्या झाल्या.

"सर, माही निवड नाई झाली," पल्लवी म्हणाली.

"बघा, किती नम्र मुलगी," सर पालकांना म्हणाले.

भास्करराव हात जोडून उभे राहिले. "सर, खरंच नाई झाली जी. तेवढा तो फोटो काढून टाका. आमाले गावात तोंड दाखवता येऊन नाई राहिलं."

"काका, नंतर बोलू," सर म्हणाले आणि घाईनं पालकांकडे वळले. पल्लवी त्यांच्या आडवी आली.

"सर, मले एकच सांगा. 'मले समजलं नाई' हे त्यांच्या भाषेत कसं मनतात? तेवढं एक मले येत असतं, तर मी त्या मॅडमले मनली असती, अन् त्याहीनं दुसऱ्यांदा विचारलं असतं. मले माहं नाव सांगता येते, सर."

सरांनी खर्रा या गालातून त्या गालात घेतला. "सिंपल आहे," ते म्हणाले. "ॲक्च्युअली..." आणि थांबले. मी अगदी समोर होते. त्यांचे डोळे वर गेले, अर्धे मिटले आणि ओठ हलू लागले. मिळवणं, ओब्तेनेर. मिळणं, रेसिबीर. तो माणूस स्वतः पहिल्यापासून निघाला होता!

मला वाटलं, आता मला याची कीव येईल. आली नाही. कारण पुढच्याच क्षणी, आपण पकडले गेलो हे कळून, त्यांनी हात उंच केला आणि मोठ्यानं सुरुवात केली, "गेट म्हणजे आणणं...!" मुलांनी लगेच उचललं. "त्राएर!" छत दणाणलं. समजणं आलं, एन्तेन्देर आलं, कोणी थांबलं नाही. शेवटी लेवान्तार्सेला सगळी मुलं खाडकन उभी राहिली. त्यांच्याबरोबर पालकही उठले आणि टाळ्या वाजवू लागले. काही जणांच्या डोळ्यांत कौतुकाचं पाणी होतं. इतका वेळ उभी असलेली पल्लवी मात्र त्या टाळ्यांमध्ये मांडी घालून फरशीवर खाली बसली. भास्करराव जोडलेले हात तसेच धरून इकडेतिकडे पाहत होते.

मग ती उठली. "काकू, घरात कैची आहे का?"

मी खाली जाऊन शिवणाची मोठी कात्री आणून दिली. ती गॅलरीत गेली, कठड्यावरून वाकली आणि फ्लेक्समधून स्वतःला कापू लागली. आधी केस, मग खांदा, मग हाताची घडी. खालून टेम्पोवाला, "अवो ताई, पडसान!" म्हणून ओरडला. ती म्हणाली, "नाई पडत रे, तू आपला गाडी लाव." आवाज जुना होता, भाजीच्या टेम्पोजवळचा.

पालकांना निरोप देऊन सर गॅलरीत आले. मला वाटलं, ओरडतील, हात धरतील. ते तिच्या मागे उभे राहून पाहू लागले आणि म्हणाले, "नीट काप. माझ्या खांद्याला लागू देऊ नको." तुकडा सुटला तेव्हा तिनं तो गुंडाळून काखेत मारला आणि बापाला घेऊन निघून गेली. फ्लेक्सला माणसाएवढं भोक पडलं होतं. सरांनी मान वाकडी करून ते न्याहाळलं, वितीनं मापलं. "साइज चांगली आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "दुसरी बसते."

मी दिरांना फोन केला आणि हॉल रिकामा करवून घेतला. जाताना सरांनी मला दोन्ही हातांनी नमस्कार केला. जिन्याच्या कोपऱ्यातले डाग मी तीनदा घासले. ते अजून आहेत.

पल्लवी आता बापाच्या झेंडूचा व्यवहार बघते. अकोल्याच्या व्यापाऱ्यांशी फोनवर भांडते. मध्येच मला फोन करते आणि 'काहून'नं सुरुवात करून 'काहून'नंच संपवते. पुण्याचं नाव काढत नाही. तिला भावकीकडून स्थळं येऊन राहिलीत, असं परवा म्हणाली.

मागच्या महिन्यात भाचीच्या डोहाळजेवणाला अकोल्याला गेले होते. रिक्षा सिग्नलला थांबली आणि वरून आवाज आला. पाढा दुसऱ्या शब्दाचा होता, चाल तीच. वर पाहिलं. तोच फ्लेक्स, तोच काळा चष्मा, तोच पृथ्वीचा गोल. भोकावर दुसऱ्या एका मुलीचा फोटो चिकटवलेला होता. हिनंही हाताची घडी घातलेली. मुलगी लहानखुरी होती, त्यामुळे ठिगळ जरा अपुरं पडलं होतं. तिच्या कडेला पल्लवीच्या बाहीचा, कापायचा राहून गेलेला, बोटभर तुकडा उरला होता आणि त्यावर झेंडूचं एक फूल. गॅलरीत सर कठड्यावर वाकून उभे होते. त्यांनी मला पाहिलं नाही. वर बाकं सरकली, पोरं उभी राहिली आणि सरांनी खाली न बघता पिंक टाकली.